तीन जणांची तीन उत्तरं: बुडालेल्या सपाट आणि वक्र दरवाजावर पाण्याचा जोर नेमका किती?

प्रश्न: सिल_लेव्हल, परभणी

नमस्कार मंडळी. दोन दरवाजांचा हिशेब हातात आहे आणि ऑफिसात त्यावरून रोज वाद होतोय.

पहिला दरवाजा सपाट, सरकता, तलावाच्या विमोचकाच्या (पाणी सोडण्याच्या वाटेच्या) विहिरीत उभा बसवलेला. रुंदी २ मीटर, उंची ३ मीटर. तलाव पूर्ण भरला की दरवाजाची वरची कड पाण्याखाली ४ मीटर असते. दरवाजाचं वजन २५ किलोन्यूटन, वर स्क्रूचं होइस्ट (दरवाजा उचलायचं यंत्र) ५० किलोन्यूटनचं. वजनाच्या दुप्पट ताकद असूनही भरल्या तलावात दरवाजा जागचा हलत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तोच दरवाजा मुकाट वर येतो.

दुसरा सांडव्याचा रेडियल, म्हणजे वर्तुळाच्या कमानीसारखा वक्र. त्रिज्या ८ मीटर, रुंदी १२ मीटर, ट्रनियन (दरवाजा फिरतो ती पिन) सिलच्या (दरवाजा टेकतो त्या तळाच्या कडेच्या) ३ मीटर वर, पाणी सिलपासून ६ मीटर. फुगीर बाजू पाण्याकडे. यावर तीन उत्तरं आलीत: २१७२, २११९ आणि २१३७ किलोन्यूटन. फरक थोडाच आहे म्हणून कुठलंही धरा, असं एकाचं म्हणणं. मला ते पटत नाही.

जोर किती, तो कुठे लागतो आणि होइस्टला त्यातला किती झेलावा लागतो, एवढं सांगा. पहिल्या दरवाजाच्या खालच्या अंगाला कधी कधी सिलवर २ मीटर पाणी तुंबतं. त्याचं काय करायचं तेही सांगा.

---

स्पिंडल_आणि_नट, लातूर

सपाट दरवाजाचं मी घेतो, रेडियलचं पैठणकर सांगतीलच.

जोर म्हणजे दरवाजाच्या मध्यबिंदूपाशी असलेला दाब गुणिले दरवाजाचं क्षेत्रफळ. मध्यबिंदूची खोली ४ + १.५ = ५.५ मीटर, क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. ९.८१ (एक घनमीटर पाण्याचं वजन, किलोन्यूटनमध्ये) × ५.५ × ६ = ३२३.७ किलोन्यूटन, म्हणजे ३३ टन. पडताळा घ्यायचा तर वरच्या कडेचा दाब ३९.२४ आणि खालच्या कडेचा ६८.६७ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, सरासरी ५३.९६, गुणिले ६. उत्तर तेच. सिलजवळचा दाब पूर्ण दरवाजाला लावणारे पुष्कळ भेटतात. तसं केलं तर ४१२ येतात आणि मग सगळं जड होत जातं.

आता हा जोर लागतो कुठे? मध्यबिंदूवर नाही, त्याच्या जरा खाली, कारण खालच्या अर्ध्या भागावर दाब जास्त. किती खाली? दरवाजाच्या स्वतःच्या मध्यातून जाणाऱ्या आडव्या अक्षाभोवतीचं जडत्व घ्यायचं: रुंदी × उंचीचा घन ÷ १२ = २ × २७ ÷ १२ = ४.५. त्याला (५.५ × ६) ने भागा, ०.१३६ मीटर. म्हणजे जोर पाण्याखाली ५.६३६ मीटरवर, सिलपासून १.३६४ मीटर वर. इथली नेहमीची चूक म्हणजे ÷ १२ ऐवजी ÷ ३ घेणं. ते कडेभोवतीचं जडत्व झालं, या सूत्रात ते चालत नाही.

दरवाजा तिरका असेल तर एक गोष्ट सांभाळा. जोर काढताना खोली उभी मोजायची, पण जोराची जागा काढताना अंतर उतारावरून मोजायचं. उदाहरणार्थ १ × १ मीटरची झडप, ४५ अंशांत, मध्य ६ मीटर खोल. जोर ५८.९ किलोन्यूटन. उतारावरून मध्याचं अंतर ६ ÷ ०.७०७ = ८.४८५ मीटर, म्हणून जोराची जागा फक्त १० मिलीमीटर खाली सरकते. लहान झडप खूप खोल असली की ही दुरुस्ती सोडून दिली तरी बिघडत नाही. उंच दरवाजाला पाणी जेमतेम वरच्या कडेपर्यंत असतं तेव्हा मात्र ती मोठी होते. तिथे जोर उंचीच्या एक तृतीयांशावर येतो.

आता खालच्या अंगाचं पाणी. तो जोर वेगळा काढून वजा करा: ९.८१ × १ × (२ × २) = ३९.२ किलोन्यूटन, सिलपासून ०.६६७ मीटरवर. उरलेला जोर २८४.५. त्याची जागा आघूर्णातून (जोर × सिलपासूनचं अंतर): (३२३.७ × १.३६४ − ३९.२ × ०.६६७) ÷ २८४.५ = १.४६ मीटर. बघा, जागा वर सरकली. खालचं पाणी दरवाजाच्या माथ्यावर गेलं तर दोन्हीकडच्या दाबातला फरक सगळीकडे सारखा होतो आणि जोर बरोबर मध्यावर, १.५ मीटरवर येतो. गोदावरीवर एकाखाली एक बॅरेज झालेत, खालच्याचं बॅकवॉटर वरच्याच्या दरवाजाला टेकतं, तिथे हे हमखास लागतं. पण डिझाइनला मात्र खालची बाजू कोरडी धरा. खालचं बॅरेज कधी रिकामं होईल याचा भरवसा नाही.

होइस्टकडे येऊ. पाण्याचा जोर आडवा आहे, होइस्ट ओढतं उभं. मग अडवतं काय? घर्षण. पितळी पट्टी लोखंडावर सरकते, घर्षणांक ०.४ धरू: ०.४ × ३२३.७ = १२९.५. त्यात वजन २५ मिळवा, १५४.५. रबर सीलचं घर्षण अजून धरलंच नाही. तुमचं होइस्ट ५० चं. दरवाजा हलेलच कसा?

---

ट्रनियन_पिन, पैठण

लातूरकरांनी सपाट दरवाजा नीट मांडला, आता वक्र.

सिल_लेव्हल भाऊ, तुमची तिन्ही उत्तरं कुठून आली ते आधी सांगतो. २१७२ ज्यांनी काढले त्यांनी कमानीचं पूर्ण क्षेत्रफळ घेतलं: कोन ४४.०५ अंश, कमानीची लांबी ६.१५ मीटर, गुणिले १२, गुणिले मध्याचा दाब. सपाट पत्र्याला हे चालतं कारण सगळीकडे दाबाची दिशा एकच. वक्र पत्र्यावर प्रत्येक ठिकाणी दाब पत्र्याला काटकोनात, म्हणजे दिशा सतत बदलती. वेगवेगळ्या दिशांचे जोर सरळ बेरजेने मिळवता येत नाहीत. इथे कमान उथळ आहे म्हणून चूक दीड टक्क्याच्या आसपास राहिली. अर्धवर्तुळाकार पृष्ठभागावर हीच रीत लावली तर हिशेब पार कोसळेल. २११९ हा नुसता आडवा घटक आहे. बरोबर उत्तर २१३७.

रीत अशी. आडवा घटक काढायला दरवाजा उभ्या भिंतीवर सावलीसारखा पाडा. सावली ६ मीटर उंच, १२ मीटर रुंद, मध्याची खोली ३ मीटर: ९.८१ × ३ × ७२ = २११९. तो सिलपासून २ मीटरवर, म्हणजे ट्रनियनच्या १ मीटर खाली.

उभ्या घटकासाठी सिलच्या कडेतून एक उभी रेषा पाण्याच्या पातळीपर्यंत काढा. ती रेषा आणि फुगीर पत्रा यांच्यामधल्या जागेत पाणी असतं तर त्याचं जे वजन झालं असतं तेवढा जोर दरवाजाला वर उचलतो. तुमच्या दरवाजात पाणी ट्रनियनच्या ३ मीटर वर आणि सिल ३ मीटर खाली, त्यामुळे ही जागा म्हणजे वर्तुळाचा अचूक खंड. क्षेत्रफळ = त्रिज्येचा वर्ग ÷ २ × (कोन − कोनाची ज्या, म्हणजे साइन), कोन रेडियनमध्ये. ३२ × (०.७६८८ − ०.६९५३) = २.३५३ चौरस मीटर. गुणिले १२, गुणिले ९.८१, २७७ किलोन्यूटन वरच्या दिशेने. कॅल्क्युलेटर डिग्रीवर ठेवून रेडियनचं सूत्र लावू नका, असली उत्तरं दर आठवड्याला इथे येतात.

दोन्ही मिळून वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ २१३७, आडव्यापासून ७.४ अंश वर.

आता पडताळा, आणि हा कधीच चुकवू नका. वर्तुळाकार पत्र्यावरचा प्रत्येक दाब केंद्राकडे जातो. केंद्र म्हणजे ट्रनियन. म्हणून एकूण जोरही ट्रनियनमधूनच गेला पाहिजे. आडव्याचं आघूर्ण २११९ × १ = २११९. उभा घटक खंडाच्या गुरुत्वमध्यातून जातो, त्याचं केंद्रापासूनचं अंतर जीवेचा (कमानीची दोन टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेचा) घन ÷ (१२ × क्षेत्रफळ) = २१६ ÷ २८.२३ = ७.६५ मीटर. २७७ × ७.६५ = २११९. दोन्ही एकमेकांना छाटतात. जुळलं नाही तर समजायचं, उभ्या घटकाचं चिन्ह उलटं घेतलंय किंवा क्षेत्रफळ चुकलंय.

सपाट दरवाजापेक्षा रेडियल हलका का उचलतो, याचं कारणही हेच. २१८ टनांचा जोर असूनही त्याला उचलण्याच्या दिशेत आघूर्णच नाही. होइस्टला उरतं काय ते बघू. दरवाजाचं वजन २०० किलोन्यूटन आणि गुरुत्वमध्य ट्रनियनपासून ६.४ मीटर धरला, दोर पत्र्याशी म्हणजे ८ मीटरवर, तर त्यासाठी १६० लागतात. दोन्ही बाजूंच्या रबर सीलवर पाण्यामुळे साधारण १८. ट्रनियनची पिन ३०० मिलीमीटर व्यासाची, घर्षणांक ०.१५: २१३७ × ०.१५ × ०.१५ = ४८ किलोन्यूटन-मीटर, दोराशी अवघे ६.

पण त्या ६ ला हसू नका. होइस्टला ६ असले तरी ते ४८ चं आघूर्ण बाहूंना वाकवतं. वंगण गेलं, पिन गंजली, घर्षणांक ०.५ वर गेला की तेच १६० होतं. होइस्टच्या मीटरला ते फारसं जाणवत नाही, बाहूंच्या आडव्या-तिरक्या जोडांना जाणवतं. कॅलिफोर्नियात फॉल्सम धरणाचा ३ नंबरचा दरवाजा १७ जुलै १९९५ ला उघडत असतानाच तुटला. पिनवरचं घर्षण हे त्यामागचं मुख्य कारण निघालं. डिझाइनमध्ये ते धरलेलंच नव्हतं.

अजून एक, बाहू समांतर नसून बाजूला पसरलेले असतील तर प्रत्येक ट्रनियनवर आडवा ढकल येतो. प्रत्येकी १०६८, बाहू १० अंश तिरके, तर १८८ किलोन्यूटन. पिअरमधल्या (दरवाजाच्या बाजूच्या खांबातल्या) अँकरचा हिशेब करताना हा राहून जातो.

---

नवा_ज्युनियर, बीड

सर, एक शंका. नाथसागरात १०२ टीएमसी पाणी आणि २७ दरवाजे. साठा एवढा मोठा म्हटल्यावर तिथल्या दरवाजावर लहान तलावापेक्षा कितीतरी जास्त जोर येत असेल ना? या हिशेबात साठा कुठेच दिसत नाही.

---

ट्रनियन_पिन, पैठण

साठ्याचा संबंधच नाही. सिलवर ६ मीटर पाणी म्हणजे ६ मीटर, मागे ते पन्नास किलोमीटर पसरलेलं असो की विहिरीइतकं. दाब फक्त उभ्या खोलीवर ठरतो. दरवाजा तुटल्यावर किती वेळ पाणी वाहत राहील, ते साठ्यावर ठरतं. मोठ्या जलाशयावर वाऱ्याच्या लाटा मात्र जास्त उठतात आणि त्यांची उंची डिझाइनमध्ये धरतात.

---

सिल_लेव्हल, परभणी

सर, खूप आभार. आघूर्णाच्या पडताळ्याने ऑफिसातला वाद मिटला. पण पाणी ६ ऐवजी ५ मीटर असलं तर जागा वर्तुळखंड राहत नाही. तेव्हा काय करायचं?

---

ट्रनियन_पिन, पैठण

रेषा तीच, सिलच्या कडेतून उभी. कमानीपासून ट्रनियनच्या उभ्या रेषेपर्यंतचं क्षेत्रफळ काढा आणि त्यातून आयत वजा करा. ट्रनियनच्या वर २ मीटर, खाली ३ मीटर. प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ = ½ × [उंची × आडवं अंतर + त्रिज्येचा वर्ग × कोन]. वरच्यासाठी ½ × (२ × ७.७४६ + ६४ × ०.२५२७) = १५.८३. खालच्यासाठी ½ × (३ × ७.४१६ + ६४ × ०.३८४४) = २३.४३. बेरीज ३९.२६, वजा ५ × ७.४१६ = ३७.०८, उरले २.१८. उभा जोर २५६, आडवा ९.८१ × २.५ × ६० = १४७१.५.

पडताळा: आडवा ट्रनियनच्या १.३३३ खाली, आघूर्ण १९६२, भागिले २५६, आलं ७.६६ मीटर. सिलची कड ७.४२ वर, कमानीचं टोक ८ वर. मधे बसतंय, म्हणजे ठीक.

ट्रनियन खूप खाली आणि पाणी खूप वर असेल तर कमान वरच्या बाजूला रेषेच्या आत वळते. तेवढा भाग वजा जातो, कारण तिथे पाणी पत्र्यावर बसून खाली दाबतं. चिन्ह तिथे चुकतं.

---

प्लेट_आणि_वेल्ड, जालना

फॅब्रिकेशनच्या बाजूने थोडं. एकूण जोर काढून लोक थांबतात आणि आडव्या बीम सारख्या अंतरावर लावतात. मग वरची बीम आरामात आणि खालची वाकलेली. बीम अशा लावा की प्रत्येकीवर सारखा भार येईल.

पाणी माथ्यापर्यंत असलेला ६ मीटरचा उभा सपाट दरवाजा आणि ४ बीम धरा. उंचीचे चार सारख्या भाराचे पट्टे पाडायचे: खोली = ६ × √(क्रमांक ÷ ४), म्हणजे ३.००, ४.२४, ५.२० आणि ६.०० मीटर. प्रत्येक पट्ट्याच्या दाबकेंद्रावर बीम: २.००, ३.६६, ४.७४, ५.६१ मीटर खोलीवर. प्रत्येकीवर मीटर रुंदीला ४४.१ किलोन्यूटन. सगळ्या बीम एकाच सेक्शनच्या घेता येतात, स्टॉकचा आणि कटिंगचा त्रास वाचतो. बीमचं अंतर ठरलं की मगच पत्र्याची जाडी. मोजमापं आणि परवानगीचे ताण भारतीय मानक आयएस ४६२२ मध्ये चाकांच्या दरवाजासाठी, ४६२३ मध्ये रेडियलसाठी आणि ५६२० मध्ये सरकत्या दरवाजासाठी आहेत. तेच उघडा, व्हॉट्सअॅपवर फिरणारी एक्सेल नको.

रेडियलचा पत्रा वाकवताना त्रिज्या बिघडली तर केंद्र ट्रनियनवर राहत नाही. २५ मिलीमीटर सरकलं तर २१३७ × ०.०२५ = ५३ किलोन्यूटन-मीटरचं नवं आघूर्ण. पिनच्या घर्षणाएवढंच झालं की हे. साइटवर टेम्प्लेट लावून तपासल्याशिवाय वेल्डिंग पूर्ण करू नका.

---

केटी_वेअर, नांदेड

कोल्हापुरी बंधाऱ्याच्या प्लेटांनाही हाच हिशेब. गाळ्याची रुंदी २ मीटर, प्लेट अर्धा मीटर उंच, पाणी ३ मीटर. सर्वांत वरच्या प्लेटवर ९.८१ × ०.२५ × १ = २.५ किलोन्यूटन, सर्वांत खालच्यावर ९.८१ × २.७५ × १ = २७. अकरा पट. म्हणून वरच्या चार प्लेटा दोन माणसं काढतात आणि खालच्या दोन पहार लावूनही निघत नाहीत. खाचेत काळ्या मातीचा गाळ बसला की विचारूच नका. पावसाळ्याआधी काढायच्या तर वरून एकेक काढत पाणी उतरू द्या, म्हणजे खालच्यावरचा जोर आपोआप घटतो.

गाळाबद्दल: आयएस ६५१२ प्रमाणे गाळ आणि पाणी मिळून आडव्या दाबासाठी घनता १३६० किलो प्रति घनमीटर धरतात. सिलवर १ मीटर गाळ साचला तर मीटर रुंदीला जादा जोर ९.८१ × ०.३६ × ½ = १.८ किलोन्यूटन, म्हणजे नगण्य. खरा त्रास जोराचा नाही, चिकटण्याचा आहे. तो कुठल्याच सूत्रात बसत नाही. होइस्ट निवडताना त्यासाठी वेगळी राखीव ताकद ठेवावी लागते.

---

सिल_लेव्हल, परभणी

मग पहिल्या दरवाजाचं होइस्ट २०० किलोन्यूटनचं करायचं का? बाकी काहीच बदलायचं नाही, असं इथे चाललंय.

---

स्पिंडल_आणि_नट, लातूर

थांबा, नुसतं होइस्ट मोठं केलं तर नवीन दुखणं येईल.

आधी तुमच्या उन्हाळ्याचं कोडं. ५० मधून वजन २५ गेलं, उरले २५. ०.४ ने भागा, म्हणजे पाण्याचा जोर ६२.५ पर्यंत उतरला की दरवाजा सुटतो. २ मीटर रुंदीला ९.८१ × खोलीचा वर्ग = ६२.५, खोली अडीच मीटर. सिलवर अडीच मीटर पाणी राहिलं की तो वर येणार. साइटवर पट्टी बघून ताडा. पाणी याहून खाली गेल्यावरही अडत असेल तर घर्षणांक ०.४ पेक्षा जास्त आहे किंवा खाच वाकडी आहे.

आता बंद करायची बाजू, जी कुणी बघत नाही. वाहत्या पाण्यात दरवाजा खाली ढकलायचा तर १२९.५ घर्षण, वजनाने २५ मदत, म्हणजे १०४.५ किलोन्यूटन स्पिंडलने (होइस्टच्या उभ्या दांड्याने) दाबायचे. स्पिंडल ५० मिलीमीटरचं आणि मधे ३ मीटर आधाराविना असेल तर ऑयलरच्या सूत्राने ते ६७ किलोन्यूटनलाच वाकतं. होइस्ट ५० चं आहे तोवर ते वाचतंय, २०० चं लावलं की पहिल्याच बंद करताना केळीच्या पानासारखं वळेल. दर दीड मीटरला गाइड ब्रॅकेट दिला तर क्षमता चौपट, २६९. ब्रॅकेट आधी, होइस्ट नंतर. आणि होइस्टला टॉर्क लिमिटर (ठरलेल्या जोरापुढे दाबू न देणारा) हवाच.

दुसरा मार्ग घर्षण कमी करण्याचा. पट्टी काढून चाकं लावली, चाकाची त्रिज्या २०० मिलीमीटर, आसाची ४०, आसावर घर्षणांक ०.२, तर ३२३.७ × ०.२ × ४० ÷ २०० = १३ किलोन्यूटन. १२९ चे १३. वजन धरून ३८, सीलसाठी वेगळे मिळवा. होइस्ट बदलायचीच गरज राहणार नाही, फक्त खाच आणि ट्रॅक चाकांसाठी सरळ करून घ्यावे लागतील. खर्च तिथे आहे.

सील कोणत्या अंगाला आहेत तेही बघा. खालच्या अंगाला असतील तर दरवाजाच्या माथ्यावर पाणी बसतं. जाडी ०.४ मीटर, रुंदी २, वर ४ मीटर पाणी: ३१ किलोन्यूटन. दरवाजा बंद असताना तळाखालचा दाब ते तोलतो. थोडा उघडला की तळाखालून पाणी जोरात सुटतं, तिथला दाब पडतो आणि वाईटात वाईट ते ३१ पूर्ण होइस्टवर येतात. तळाची कड ४५ अंशांत छाटलेली असेल तर हा ओढा बराच कमी होतो. आणि दरवाजा दोन-चार सेंटीमीटरच्या फटीवर तासन्‌तास ठेवू नका. थरथरून आधी सील जातं, मग नटाचे आटे.